मोर्चाला निघताना पिशवीत काय काय? (अनुभव धागा)

गिरणाकाठ
आज माळा झाडताना मांजरपाटाचं जुनं बॅनर सापडलं, आणि त्याच्या घडीत शिसपेन्सिलीने लिहिलेली यादी: जार ६, नळ १, गोण्या ४, सुतळी, ओआरएस ४०, सुई-दोरा. बस, एवढीच. ती वाचून हा धागा काढतोय.

आपल्याकडे कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरला की भाषणाची तयारी पंधरा दिवस चालते आणि पाण्याची आठवण आदल्या रात्री होते. विषय कापसाच्या भावाचा असो, केळीच्या विम्याचा असो की वनपट्ट्यांचा, ऊन लागून माणूस सावलीला बसला की तेवढा आवाज कमी झाला. म्हणून विनंती, तुम्ही काय नेता, किती नेता, कुठे चुकतं ते लिहा.

पाण्यापासून सुरुवात करतो. एप्रिल-मे मध्ये माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर धरा. टेम्पोत ४० माणसं असतील तर कमीत कमी १२० लिटर, म्हणजे २० लिटरचे ६ जार. शिवाय प्रत्येकाच्या खांद्याला एक लिटरची बाटली वेगळी. खरी चूक पुढे होते. गाड्या गावाबाहेर थांबवतात, जार गाडीतच राहतात आणि माणसं तीन किलोमीटर पुढे निघून जातात. म्हणून दोन जार लोटगाडीवर घालून मोर्चाच्या मागच्या टोकाला चालवायचे. पुढे नको. थकलेला माणूस मागे पडतो, पाणी तिथेच पाहिजे.

भाकरी_तवा
पाण्याचं बरोबर लिहिलंत भाऊ. आता खाण्याचं घ्या, घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

दशमीसारखं दुसरं काही नाही. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, चिमूटभर मीठ, किलोला पळीभर तेलाचं मोहन. थोडी जाड ठेवायची आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट शेकायची. कडेला कच्ची राहिली तर तिथूनच वास येतो. पण दशमी बिघडते ती तव्यावर नाही, डब्यात. गरम गरम डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, तेच खाली गळतात, वरच्या दोन-तीन दशम्या चिकट होतात आणि सकाळपर्यंत आंबूस वास सुटतो. सुती धोतराच्या फडक्यावर एकेक सुटी पसरायची, हाताला पूर्ण गार लागली की मगच एकावर एक रचून त्याच फडक्यात बांधायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही. माणशी ४ धरा, वर दहा माणसांमागे ५ जादा. कोणी ना कोणी डबा विसरतोच.

सोबत कोरडा ठेचा. लाल मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ, पाण्याचा थेंब नाही. हिरव्या मिरचीचा कोथिंबीर घातलेला ओला ठेचा उन्हात दुपारपर्यंत उतरतो. भरीत कितीही आवडीचं असलं तरी मे महिन्यात बांधू नका. दही-ताकाचंही तेच.

रावेर_लोकल
केळी राहिली! आपल्याच भागातून निघायचं आणि केळी नाही, असं कसं.

पण पूर्ण पिकलेली घेऊ नका. देठाकडे हिरवट असलेली घ्या, संध्याकाळपर्यंत बरोबर होतात. फणीतून एकेक तोडून आणली की देठाशी साल फाटते, गर उघडा पडतो आणि तासाभरात काळं. अख्खी फणी न्यायची, खायच्या वेळेला तोडायची, तीही पिळून नाही, खाली वाकवून. पिशवीत सगळ्यात वर ठेवायची. आणि सालं गोणीत टाका. डांबरावर पडलेल्या सालीवरून गर्दीत एक घसरला की मागचे चार त्याच्यावर जातात.

सातपुडा_पायथा
धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्यांची रात्र प्रवासात जाते हे ध्यानात घ्या. घाटातून जीपमध्ये येताना जारची झाकणं उडतात. झाकणाखाली प्लास्टिकचा जाड तुकडा दुहेरी ठेवून वरून सुतळी आवळायची, जार उभे नाही तर दोन सीटमध्ये अडकवून आडवे, तोंड वरच्या बाजूला कललेलं. हिवाळ्यात माणशी एक चादर पाहिजेच. मैदानावर पहाटे जमिनीतून गारवा येतो, तेव्हा अंगावर दोन घेण्यापेक्षा खाली एक अंथरली तर जास्त उपयोग. ताडपत्री १२ बाय १८ ची एक, पंधरा माणसं झोपतात.

भाकरी_तवा
ताडपत्रीला दव पडतं खालून. वर गोणपाट अंथरा.

ओपीडी_नंतर
ओआरएसबद्दल लिहितो, कारण यात दरवेळी तीच चूक होते.

मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून दिलं तर ते फार खारट होतं, तहान वाढते, उलटी होते, लहान मुलाला तर ते घातक. लिटरची बाटली पूर्ण भरायची आणि त्यात अख्खं पाकीट. अर्धं पाकीट अंदाजाने टाकून उरलेलं दुमडून ठेवायचं नाही. एकदा कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. शीग लावायची नाही. चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं.

ऊन लागलेला माणूस ओळखायचा कसा? डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावली, पाणी, ओआरएस. पण तो असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओलं फडकं, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका. खिशातल्या कांद्याने यातलं काही होत नाही. कांदा भाकरीबरोबर खा.

बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. इन्सुलिन टेम्पोत ठेवू नका, बंद गाडी दुपारी तापते. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या मधोमध. शुगरवाल्यांच्या खिशात खडीसाखर हवीच, जेवणाची वेळ पुढे गेली की साखर एकदम उतरते.

चोपडा_चौफुली
डॉक्टर, आमच्याकडे उपरणं ओलं करून डोक्याला बांधतात ते चालतं ना?

ओपीडी_नंतर
चालतं, चांगलंच. फक्त मान झाकली पाहिजे, आणि वाळलं की परत भिजवा. नायलॉनचं नको, सुती.

दोन_नंबर_गल्ली
बायकांच्या बाजूने लिहिते, कारण हे कोणाच्या यादीत नसतं.

संडासाची सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी बारा वाजता चक्कर येऊन पडतात. पाण्याचे जार कितीही वाढवा, आधी ही सोय बघा. आदल्या दिवशी एकीने रस्ता चालून यायचा: एसटी स्टँड, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, ओळखीचं घर. कुठे पाणी आहे, कुठे कडी नाही, सगळं कागदावर. चार-चार जणींचा गट, एक गेली की दुसरी दाराशी. मोठी गडद चादर एक, आडोशाला. पॅड दोन जास्तीचे, जुने पेपर, काळी पिशवी, साबणाचा तुकडा. साडी नेसायची तर सुती, नऊवारी असो की पाचवारी, निऱ्या घोट्याच्या वर. घोळ पायात आला की गर्दीत सावरता येत नाही.

लहान मूल सोबत असेल तर हातावर बॉलपेनने फोन नंबर. स्केचपेन घामाने पुसतो.

भाकरी_तवा
ताई, हे सगळ्यात आधी यायला पाहिजे होतं. लिहिलंत ते फार चांगलं केलं.

ब्रश_आणि_रंग
वर बॅनरचं निघालं म्हणून. फ्लेक्स स्वस्त पडतो पण वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्याचे खांदे भरतात. फ्लेक्सच असेल तर चार-पाच ठिकाणी अर्धचंद्राकार चिरा द्या, वारा निघून जातो. मांजरपाट बरा. १० बाय ३ फुटाच्या बॅनरला दोन्ही टोकांना ४ इंचाचा नेफा शिवा आणि बांबू त्यात सरकवा, खिळे-टाचण्या नकोत. वरच्या आणि खालच्या दुमडीत नायलॉनची दोरी घालून शिवली की ताण दोरीवर येतो, कापड फाटत नाही. बहुतेक बॅनर वरच्या कोपऱ्यातून फाटतं, कारण तिथे दोरी नसते.

अक्षर ८ इंचाच्या खाली नको, ओळी दोनच. तिसरी ओळ रस्त्याच्या पलीकडून कोणी वाचत नाही. रंग आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी. ओला घडी घातला की अक्षरं एकमेकांवर उमटतात.

वळणावर आतल्या बांबूवाल्याने जागेवर थांबायचं आणि बाहेरच्याने फिरायचं. दोघं एकदम चालले की बॅनर दुमडतं. झेंड्याला लोखंडी पाइप कधीच नाही, वर विजेच्या तारा असतात. बांबूसुद्धा ओला नको.

चोपडा_चौफुली
गिरणाकाठ भाऊ, इतक्या वर्षांत त्या मांजरपाटाला कसर नाही लागली?

गिरणाकाठ
नाही ना. घडीत कडुलिंबाचा पाला होता, चुरा झालाय. अक्षरं थोडी फिकी झालीत, कापड ठणठणीत.

निवेदन_तीन_प्रती
काठीवरून आठवलं. जिल्ह्यात बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) चा आदेश लागू असतो. पहिल्यात शस्त्रं, लाठ्या, दगड बाळगायला, पुतळे-प्रेतं मिरवायला बंदी, दुसऱ्यात परवानगीशिवाय जमाव आणि मिरवणुकीला. म्हणून परवानगीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स: एक पुढे, एक मागे, एक गाडीत. झेंड्याच्या काठीची जाडी-लांबी आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधाराच्या काठ्या, दोन्ही पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. ऐन गेटवर वाद नको.

आणि ज्यासाठी एवढं चालायचं ते निवेदन! तीन प्रती. एक देण्यासाठी, एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणण्यासाठी, एक पत्रकारांना. शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय शिष्टमंडळाने बाहेर यायचं नाही, पुढच्या पाठपुराव्याला तेवढाच कागद कामाला येतो. सह्यांच्या प्रत्येक पानावर विषय आणि तारीख वर लिहा. नाही तर पानं सुटी झाली की त्या सह्या कशाच्या हे सांगता येत नाही. पॅड, स्टेपलर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, चार पेनं. पावसाळ्यात सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

नंदुरबार_स्टेशनरोड
कागद-झेंड्यांचं वाचताना ९ सप्टेंबर १९४२ आठवतो. शिरीषकुमार आणि त्याचे सोबती हातात तिरंगा घेऊन आमच्या गावातून निघाले होते, पोलिसांच्या गोळीबारात पाच पोरं गेली. शाळकरी वयाची. चौकातल्या स्मारकापाशी आजही पाय थांबतो. विषय सोडून लिहिलं, पण राहवलं नाही.

रावेर_लोकल
विषय सोडून नाही दादा.

मेगाफोन
फोनचं कोणीच लिहिलं नाही. गर्दीत नेटवर्क जातं, मग कॉल लागत नाही, यूपीआय चालत नाही. १०, २०, ५० च्या नोटा मिळून तीनशे रुपये सुटे ठेवा, दोन खिशांत. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा, तो बऱ्याचदा निघून जातो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे गाडीत बसतानाच ठरवा, जागा आणि वेळ दोन्ही. "स्टेजजवळ" ही जागा नाही, तिथे सगळेच असतात. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर, फोनमध्ये नाही.

मेगाफोनचे सेल घरी घालून बघा आणि प्रवासात काढून ठेवा, बटण दाबलं जाऊन उतरतात. सगळे सेल एकदम बदला. एक जुना राहिला तरी आवाज बसतो.

पारोळा_फाटा
चप्पल!! अंगठ्याची चप्पल गर्दीत मागून दाबली जाते आणि तुटते, मग तापलेल्या डांबरावर अनवाणी. मागे पट्टा असलेली सँडल, निदान महिनाभर वापरलेली. नवी असेल तर टाचेला फोड आलाच. फोड फोडू नका, पट्टी लावा. मांड्या घासतात त्यांनी निघताना खोबरेल लावा.

भाकरी_तवा
बठ्ठं खरं शे भाऊ. आणि गोण्या? यादीत ४ होत्या, त्या कशाला?

गिरणाकाठ
दोन कचऱ्याला ताई, एक पुढे एक मागे. तिसरी गाडीत, विसरलेल्या चपला-डबे-उपरणी त्यात. चौथी ओली करून जारभोवती गुंडाळायची, पाणी गार राहतं. दर तासाला शिंपडावं लागतं, नाही तर नुसतं ओझं.

सातपुडा_पायथा
रेल्वेने जाणाऱ्यांनी स्टोव्ह, गॅसची टाकी, रॉकेल बांधू नका, रेल्वेत मनाई आहे, स्टेशनवरच अडवतात. फुटाणे, गूळ, मुरमुरे, शेव, भत्ता यावर एक दिवस निघतो.

चोपडा_चौफुली
ताई, दशमीला किलोभर पिठात दूध किती? घरी विचारताहेत.

भाकरी_तवा
साधारण अर्धा लिटर, पण एकदम ओतू नका. पीठ जुनं असेल तर जास्त पितं. आधी पाव लिटर घालून बघा, मग हाताला कळेल.