अण्णांचा तुकडा 'बँकेत' ठेवू द्यावा का?

जिंतूरकर
राम राम. आमचे अण्णा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय, ग्लीसन ४+३ (गाठ किती आक्रमक त्याचे गुण). सोमवारी मुंबईला ऑपरेशन. सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद निघाला: तपासणीतून उरलेलं टिश्यू (गाठीचा तुकडा) संशोधनाच्या बँकेत ठेवायला संमती. अण्णा विचारायलेत, "बँकेत ठेवतेत तर व्याज कोणाला?" हसले, पण सही केली नाही. नाही म्हणलं तर डॉक्टर नाराज होतील का? गावात नाव फुटेल का?

काचपट्टीवाला
दादा, मी लातूरला १४ वर्षं पॅथॉलॉजीत ब्लॉक कापतोय. गाठ फॉर्मॅलिनमधून (तुकडा कुजू न देणारं द्रव) काढून मेणात बसवतात, त्याची ३-४ मायक्रॉनची चकती काचेवर घेतो. रिपोर्ट झाला तरी मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, उरतोच, साध्या कपाटात वर्षानुवर्षं टिकतो. काही तुकडे मात्र फॉर्मॅलिनआधीच, ऑपरेशननंतर लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, उणे १९६ अंशांवर. उशीर झाला की आरएनए (पेशीतला जनुकांचा निरोप नेणारा रेणू) खराब.

संशोधनाला एका दवाखान्याचे नमुने पुरत नाहीत. हा आजार बऱ्याचदा सावकाश चालतो, कोणाचा उलटला हे कळायला दहा-पंधरा वर्षं जातात. तोवरच्या पीएसएच्या (प्रोस्टेटची रक्ततपासणी) नोंदी जोडलेल्या असतील तरच तुकड्याला किंमत. म्हणून अमेरिकेत प्रोस्टेटसाठी अनेक संस्थांची मिळून एक बँक उभी केली, पैसा तिथल्या संरक्षण खात्याचा (हो, लष्कराचा!). आपल्याकडं टाटा मेमोरियलला आहे, आयआयटी मद्रासला आहे, पण सगळ्या कॅन्सरांची.

संशोधकाला नाव जात नाही, कोड जातो. नाही म्हणलं तरी उपचार तेच. आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांप्रमाणं दिलेली संमती मागं घेता येते. व्याज मात्र नाही, अण्णांना सांगा.

नांदेडची लेक
एक विचारून घ्याच: अण्णांसाठी तुकडा किती शिल्लक ठेवणार? आमच्या बाबांचा आजार सहा वर्षांनी परतला. बीआरसीए (कॅन्सरशी संबंधित जनुक) तपासायला जुना ब्लॉक मागितला, तर दवाखान्यात सापडेना. तीन चकरा झाल्या. शेवटी रक्तावर भागवलं, पण गाठीतला बदल रक्तात दिसेलच असं नाही. ब्लॉक नंबर लिहून ठेवा, बँकेत द्या नाहीतर देऊ नका.

जिंतूरकर
अण्णांना वाचून दाखवलं. कापसाच्या वजनाच्या वहीत 'ब्लॉक नं.' लिहून पुढं जागा सोडलीय. सहीचं म्हणतेत, आधी त्या डॉक्टरीण बाईला शिल्लक किती ते विचार.