विल्मा मॅनकिलर फलक: आडनावाचा कंस ठेवायचा की उडवायचा?

मंडळी,
अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या माजी प्रमुख विल्मा मॅनकिलर यांच्या फलकाची पीडीएफ उद्या दुपारी बाराच्या आत छापखान्यात जायला हवी. एकच अडलंय. कोणीतरी आडनावापुढे कंसात 'पुरुषमारी' घातलंय. ठेवू की उडवू? आकार 3 × 2 फूट, मजकूर 150 शब्दांवर नको. गणपतीच्या फलकाचं झालं तसं या वेळी नको.
– सजावट

> ठेवू की उडवू?
उडवा. चेरोकी भाषेत 'अस्गाया-दिही' हा लष्करी हुद्दा, त्याचं पुढे आडनाव झालं. आपल्याकडे सरनोबत आहेतच, त्यांचं भाषांतर करत बसतो का आपण?
त्याहून मोठी चूक खाली आहे. '1985 मध्ये निवडून आल्या' असं नाही. 1983 मध्ये त्या उपप्रमुख म्हणून निवडून आल्या. डिसेंबर 1985 मध्ये तेव्हाचे प्रमुख रॉस स्विमर अमेरिकी केंद्र सरकारच्या मूळनिवासींसाठीच्या 'इंडियन' खात्यात गेले, तेव्हा प्रमुखपद मॅनकिलर यांच्याकडे आलं. त्या पदाची निवडणूक त्यांनी 1987 मध्ये जिंकली, 1991 ला तर जवळपास 83 टक्के मतांनी. आणि 'अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री-प्रमुख' खोडा. सेमिनोल या दुसऱ्या जमातीच्या ॲलिस ब्राउन डेव्हिस 1922 च्या. 'चेरोकी नेशनच्या पहिल्या' लिहा.
– ग्रंथालय

मथळ्यात चेरोकी लिपी म्हणून चक्क इंग्रजी जी-डब्ल्यू-वाय टाइप केलंय! 'त्सालागी'ची (म्हणजे त्यांच्या भाषेत 'चेरोकी'ची) अक्षरं दिसतात तशीच, पण ती त्सा, ला, गी आहेत. मोठ्या आकारात फरक लगेच डोळ्यांत खुपतो. सिकोयानं बनवलेल्या या चेरोकी लिपीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, नोटो सान्स चेरोकी उतरवून घ्या. आपल्या मराठी फाँटमध्ये ही अक्षरं नाहीत, त्यामुळे छापखान्यात नुसते चौकोन उमटतील. फाँट पीडीएफमध्येच एम्बेड करा, नाहीतर तेवढी ओळ आउटलाइन करून (अक्षरांचं चित्र करून) पाठवा.
– छपाई

ओक्लाहोमातल्या बेल गावच्या पाण्याच्या ओळीत 'श्रमदान' नको. सुमारे 16 मैलांची पाइपलाइन गावकऱ्यांनी स्वतः टाकली, ती शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी. चेरोकीत त्याला 'गदुगी' म्हणतात. मराठीत सरळ 'इर्जिक' लिहा.
– काकू

> मराठीत सरळ 'इर्जिक' लिहा
काकू, इर्जिक नांगरणीची. शिवाय इथल्या मुलांना श्रमदानही कळत नाही, इर्जिक कुठून कळणार?
– सजावट

कळत नाही म्हणूनच लिहायचं. आणि 1956 च्या ओळीत 'हाकललं' लिहिलंय तेही काढा. सान फ्रान्सिस्कोला मॅनकिलर यांचं कुटुंब गेलं ते सरकारी स्थलांतर योजनेत. चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकललं ते 1838 ला. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.
– काकू

फलकात बसवायच्या क्वार्टरचं, म्हणजे मॅनकिलर यांचं चित्र असलेल्या 25 सेंटच्या नाण्याचं, कोणीच बोलत नाही. नाणं 24.26 मिमी, मसुद्यात भोक 24 चं दाखवलंय! जोरानं दाबलं की फोमबोर्डचा वरचा कागद फाटतो. 25 ठेवा. ड्रिल नको, कड कुरतडली जाते. नव्या पात्यानं तीन हलक्या फेऱ्यांत कापा. डिंक अजिबात नाही, मागून पारदर्शक पट्टी. दोन भोकं लागतील, कारण दोन्ही बाजू दाखवायच्यात. 2022 च्या अमेरिकी स्त्रियांच्या नाणे-मालिकेत पाच नाणी आहेत, मॅनकिलर यांची शाल आणि डावीकडे सात टोकांचा तारा बघूनच घ्या. त्यावर 'चेरोकी नेशन' त्यांच्याच लिपीत कोरलेलं आहे, छपाईवाल्यांनी अक्षरं तिथून ताडून पाहावीत.
– खजिनदार

कंस उडवला, जी-डब्ल्यू-वाय काढलं, भोक 25 केलं. 'इर्जिक' ठेवतो, पण 'गदुगी'च्या शेजारी. 151 शब्द झालेत. एक कोणी सुचवा.
– सजावट

'थोर' काढा.
– ग्रंथालय