‘कृपया डीएम करा’: जाहीर तक्रारीचं उत्तर चव्हाट्यावर की आडोशाला?

तिठा (धागाकर्ता)
एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कुठल्याही ऑनलाइन कंपनीच्या नावाने तक्रार टाका. थोड्याच वेळात ठरीव उत्तर येतं: झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, ऑर्डर क्रमांक डीएम करा, म्हणजे खाजगी मेसेजमध्ये पाठवा. पुढे पैसे परत मिळाले की तक्रार तशीच विझली, हे बाकी कुणाला कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे. तक्रार चारचौघांत झाली असेल तर तिचा निकालही चारचौघांत लागला पाहिजे.

दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या गणवेशातल्या वेगळ्या डिलिव्हरीवाल्यांची घोषणा केली. टीकेचा भडिमार झाला. दुसऱ्याच दिवशी झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी हिरवा रंग मागे घेतला आणि सगळे लालच घालतील असं जाहीर केलं. कारणंही उघड सांगितली: लाल म्हणजे मांसाहारी असं धरून लाल कपड्यातल्या पोरांना सोसायट्यांमध्ये त्रास होऊ शकतो, भाडेकरूंचं घरमालकाशी वाजू शकतं.

६ ऑक्टोबर २०२४ ला विनोदवीर कुणाल कामरा यांनी धूळ खात उभ्या असलेल्या ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरींचा फोटो टाकला. ओलाचे संस्थापक भाविश अग्रवाल यांनी तो पैसे घेऊन केलेला ट्विट ठरवला, कामरांच्या विनोदी कारकिर्दीवर घसरले आणि मदतीला या, नाहीतर गप्प बसा असं सुनावलं. फोटोतल्या स्कूटरी बाजूला राहिल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर गडगडला.

रात्रपाळी
तुलनाच चुकते आहे. झोमॅटोवरची टीका एका निर्णयावर होती. कपड्याचा रंग एका रात्रीत बदलता येतो. ओलाचं दुखणं सुटे भाग, मेकॅनिक आणि सर्व्हिस सेंटरच्या क्षमतेचं होतं, ते कितीही नम्र ट्विट लिहून बरं होत नाही. अग्रवाल यांची भाषा वाईट होती हे मान्य. पण ती गोड असती तरी स्कूटर त्या दिवशी दुरुस्त होऊन मिळाली नसती.

आणि डीएमला नावं ठेवू नका. ऑर्डर क्रमांक, पत्ता, मोबाइल उघड्यावर मागणं धोक्याचं आहे. भामटे कंपन्यांच्या नावाखालच्या तक्रारी शोधतच बसलेले असतात. एका अक्षराचा फरक असलेलं खातं, तोच लोगो, ‘रिफंडसाठी हा फॉर्म भरा’ अशी लिंक. मग स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप उतरवायला लावतात किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तरी घाईत माणूस फसतो.

तिठा
@रात्रपाळी, खाजगी माहिती डीएममध्येच जावी, मान्य. माझा आक्षेप निकाल लपवण्याला आहे. पहिल्या उत्तरात तिकीट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) आणि मुदत द्या. माहिती डीएममध्ये घ्या. काम झालं की त्याच मूळ ट्विटखाली येऊन काय केलं ते एका ओळीत लिहा. चूक बऱ्याच जणांच्या बाबतीत झाली असेल तर कारण सांगणारी वेगळी पोस्ट टाका. यातली शेवटची दोन कामं कंपन्या करत नाहीत, कारण ‘किती मिनिटांत पहिलं उत्तर दिलं’ यावरच टीमचं मोजमाप होतं. उत्तर वेळेत गेलं की आकडा सुधारतो, तक्रार मात्र तिथेच राहते.

वाडी बुद्रुक
दोघांचंही पटत नाही. ट्विटरवर ओरडेल त्याचं आधी, हीच मुळात रांगमोड आहे. लाखभर फॉलोअर असलेल्याची तक्रार थेट वरच्या साहेबांकडे जाते आणि एक्सवर खातंच नसलेली गावातली बाई चॅटबॉटशी झगडत बसते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणंही बंधनकारक आहे. तिथे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर आयोगात फीही लागत नाही.

तिठा
@वाडी बुद्रुक, त्याच हेल्पलाइनवर १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या काळात ओला इलेक्ट्रिकबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ३,३८९ एकट्या सर्व्हिसच्या दिरंगाईच्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस निघाली ७ ऑक्टोबर २०२४ ला. ती ट्विटमुळेच निघाली असं मी म्हणणार नाही. पण हेल्पलाइनवर वर्षभर साचलेला हा ढीग लोकांच्या नजरेला आला तो त्या आठवड्यात.

कंपनीने ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं सांगितलं, तरी प्राधिकरणाने पुढे तपासाचा आदेश दिलाच. ‘सोडवली’ हा शिक्का कंपनीच मारते, म्हणून तर मला ग्राहकाची सही मूळ धाग्याखाली हवी आहे.

रात्रपाळी
@तिठा, शिक्क्याचा मुद्दा बरोबर आहे. ग्राहक ४८ तास बोलला नाही की तिकीट आपोआप बंद करायचं, अशी सोय सपोर्टच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद करणं धाग्याखाली ओळ लिहिण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

पण लोकांची ओरड म्हणजे न्याय असं धरून चालू नका. जुलै २०१९ मध्ये डिलिव्हरीवाला हिंदू नाही म्हणून एकाने ऑर्डर रद्द केली आणि तसं जाहीर लिहिलं. झोमॅटोने अन्नाला धर्म नसतो असं उत्तर दिलं. बहिष्काराच्या हाका आल्या, तरी कंपनी हलली नाही. त्या दिवशी ती झुकली असती तर मला ते जास्त वाईट वाटलं असतं.

वाडी बुद्रुक
ट्विट करायचंच असेल तर आधी तिकीट क्रमांक घ्या, तो ट्विटमध्ये लिहा, तारीख लिहा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, काही अ‍ॅपांत तिकीट बंद झाल्यावर चॅट दिसेनासं होतं. पैसे परत मिळाले म्हणून ट्विट उडवायची अट कुणी घातली तर तो मेसेजही जपून ठेवा. आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेव्हा हेच कागद लागतात.