पाणवेलींची तक्रार: फोटोबरोबर काय लिहावं

नाशिकच्या गोदावरीतल्या पाणवेलींची (जलपर्णीची) महापालिकेकडे तक्रार करा म्हटलं की काहीजण म्हणतात, ‘फोटो टाकूनही पाणवेली महिन्याभरात परत येतात, मग तक्रार कशाला’. हा मुद्दा अर्धाच पटतो. परत येतात हे खरं, पण त्याचं कारण बहुतेकदा अर्धवट काढणी असतं. मधला थर उचलला जातो आणि काठाच्या गाळात अडकलेले तुकडे तसेच राहतात. पोषक सांडपाणी आणि ऊन मिळालं की साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. म्हणून तक्रारीत ‘नदीत घाण आहे’ एवढंच लिहू नका, ती कचऱ्याची तक्रार समजली जाते. ‘पाणवेली’ हा शब्द, महापालिकेचा विभाग (पंचवटी, सातपूर, नाशिकरोड वगैरे), जवळचा पूल किंवा घाट, कुठला काठ, अंदाजे लांबी आणि जवळ नाला मिळत असेल तर तोही लिहा. लोकेशन चालू ठेवून एक फोटो दुरून, एक जवळून काढा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

सहसा बोलली न जाणारी गोष्ट म्हणजे काढलेल्या पाणवेलींचा ढीग. काठावरच टाकला तर पहिल्या पुरात सगळा पुन्हा पाण्यात. तो पूररेषेच्या वर न्यावा, ही मागणी तक्रारीतच करा. फुलं येण्याआधी काढणं तर फारच महत्त्वाचं, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं. आणि इथून सुटलेलं खाली नांदूरमध्यमेश्वरकडे जातं, रामसर दर्जा असलेल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीत.