लुगुब्रिस पाली: डीएनए सारखाच, मग गुणसूत्रं मोजायची का?

प्रश्न (ठिपकेवाली): पॅसिफिक बेटांवरच्या लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिसच्या नमुन्यांत एनडी२ जनुकाचा क्रम जवळपास एकच येतोय, पाठीवरचे ठिपके मात्र वेगळे. गट कसे पाडू?

गुणसूत्रवाला: एनडी२ हे मायटोकाँड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं) जनुक, म्हणजे फक्त आईकडचं. ही पाल नराविना अंडी घालते, त्यातून पिल्लं निघतात, आणि संकरातून आलेली आहे, त्यामुळे बापाकडचा वाटा त्यात दिसणारच नाही. गुणसूत्रं मोजाच. द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच) असेल तर 44, त्रिगुणित (तीन संच) असेल तर 66.
मज्जापेशींना कोल्चिसीन (पेशीविभाजन मधेच थांबवणारं रसायन) दिल्यावर, पेशी फुगाव्यात म्हणून 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 20-30 मिनिटं, 37 अंशांवर. मग पेशी टिकवायला मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिड 3:1, तेही ताजंच कालवलेलं, आणि शेवटी गिम्सा हा रंग. क्लोराइडात वेळ कमी पडला की गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात; जास्त झाला की पेशी फुटतात आणि 66 ची 63 भरतात. म्हणून एका पालीच्या किमान 20 पेशी मोजा. कोल्चिसीन जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखडून ठिपक्यांएवढी होतात, मग आकार कळत नाही.

ठिपकेवाली: मज्जा काढायची तर पाल मारावी लागेल. न मारता काही करता येईल?

शेपूटतोड्या: शेपटीचं टोक 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा (फॉर्मॅलिनमध्ये नको, डीएनएचे तुकडे पडतात) आणि मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासा. अनेक जागांवर तीन-तीन रूपं दिसली तर पाल त्रिगुणित. दोनच दिसली म्हणून द्विगुणित ठरवू नका, दोन रूपं सारखी असू शकतात. एनडी२ मध्ये मधेच थांबा-संकेत (प्रथिन बनवणं थांबवणारी खूण) आला तर ती केंद्रकात शिरलेली खोटी प्रत असू शकते, तो क्रम बाजूला काढा.