लेथवर सांधा जुळतो, पेन जोडल्यावर मधल्या रिंगपाशी पायरी येते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
छंद म्हणून छोट्या लेथवर लाकडी पेन कातते. नेहमीचा स्लिमलाइन किट (सडपातळ पेनचे तयार भाग), दोन लाकडी नळ्या, प्रत्येकीच्या आत ७ मिमीची पितळी ट्यूब, दोघींच्या मध्ये धातूची रिंग. लाकूड जुनं, वाळलेलं शिसम.

कातताना नळ्या मँड्रेलवर, म्हणजे मधून जाणाऱ्या धातूच्या दांडीवर, ओवलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांना बुशिंग, म्हणजे किती कातायचं ते दाखवणारं धातूचं कडं, असतं. लेथवर असताना लाकूड आणि बुशिंग इतकं एकजीव असतं की बोट फिरवलं तरी सांधा कळत नाही. पेन जोडला की मधल्या रिंगपाशी एका बाजूला लाकूड वर येतं, नख अडकतं आणि बरोबर समोर रिंगची कड उघडी पडते. टोकाकडची बाजू मात्र नीट असते. ठोकळा कापतानाच खूण करून ठेवते, म्हणजे शिसमाची काळी रेघ एका नळीतून दुसरीत सलग जाते. नेमकी त्या रेघेवर पायरी आली की फार जिवाला लागतं.

आतापर्यंत काय तपासलं ते सांगते. कॅलिपरने नळीचा व्यास सगळीकडून सारखा भरतो. लाकूड आकसलं असतं तर नळी लंबगोल झाली असती, कारण ते वलयांच्या कडेने जास्त आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसतं. तेव्हा तो प्रश्न नाही. नळी गोलच आहे, फक्त ट्यूब तिच्या मधोमध नाही. टोकं ट्रिमरने काटकोनात केलेली आहेत, गुण्या लावून उजेडात पाहिली. बुशिंगचा व्यास रिंगइतकाच आहे.

बहुतेक जण मँड्रेलला बाक आलाय म्हणतात. नट किंवा टेलस्टॉक (लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार) जास्त आवळला की बाक येतो हे खरंच, पण मग बुशिंगही डगमगलं असतं आणि पायरी लेथवरच दिसली असती. शिवाय काचेवर लोळवून पाहिला, मँड्रेल सरळ आहे. माझा संशय मधल्या बुशिंगवर आहे. ते मँड्रेलवर किंचित खुळखुळतं. कातून झाल्यावर नट सैल करून तेवढंच अर्धा फेरा फिरवलं, तर तीच पायरी लेथवरच दिसू लागली!

आता जाणकारांना विचारायचंय ते असं. नुसतं घट्ट बसणारं बुशिंग आणून भागेल, की मँड्रेल सोडून एकेक नळी दोन सेंटरांमध्ये (लेथच्या दोन्ही टोकांच्या टोकदार टेकूंमध्ये) धरून कातावी? माझ्या बुशिंगला ट्यूबच्या आत शिरणारा खांदा नाही, त्यामुळे त्या पद्धतीला वेगळी बुशिंग लागतील. की ६० अंशांची सेंटर थेट ट्यूबच्या तोंडात टेकवून, बुशिंगशिवाय, कॅलिपरने माप घेत कातणारं कुणी आहे? तसं केल्यावर पितळेचं तोंड फाकत नाही का? फाकलं तर किटचे भाग दाबून बसवताना सैल पडतील अशी धास्ती आहे.

आणि सुपरग्लूचं फिनिश देताना तुम्ही बुशिंग काढता की तसंच ठेवता? ते लाकडाला चिकटतं, सोडवताना कडेचा फिनिशचा टवका उडतो. प्लॅस्टिकचे शंकू लावून नळी पुन्हा धरली तर ती आधीसारखीच केंद्रात बसते का, हेही कृपया सांगा.