शिकारी गोळी कमी वेगाला फुलते का : दारू कमी भरून तपासावं, की खऱ्या अंतरावरून?

डोंगरउतार
ही चर्चा अमेरिकेच्या कॉलरॅडो राज्यातल्या एल्क आणि म्यूल डिअर (हरणांच्या दोन जाती) यांच्या शिकारीपुरती आहे. भारतात वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. कॉलरॅडोत फुलणारी, म्हणजे जनावरात शिरल्यावर तोंड उघडून पसरणारी गोळीच लागते. एल्कसाठी ती किमान ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅम) हवी आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. पण फुलणारी म्हणजे कोणत्या वेगापर्यंत फुलणारी?

२५ यार्डांवरून पूर्ण भराच्या काडतुसाने पाण्याचे कॅन फोडून याचं उत्तर मिळत नाही. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसातली १६५ ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी २७०० फूट प्रतिसेकंद जाते, आणि त्या वेगाला जवळपास प्रत्येक शिकारी गोळी फुलते. ४०० यार्डांवर तीच २०००च्या खाली उतरते. तांब्याचं कवच आणि आत शिसं असलेल्या साध्या गोळीला फुलायला साधारण १८०० लागतात, निव्वळ तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना २०००च्या आसपास. न फुललेली गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दूर निघून जातं. म्हणून दारू कमी करा, २०००चं काडतूस भरा आणि ५० यार्डांवरून तपासा.

नळीचा_पीळ
वेग जुळला, पण गोळीचं फिरणं जुळलं का? १० इंचाला १ पीळ (नळीच्या आतल्या गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा एक फेरा) असलेल्या नळीतून २७००ने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे १ लाख ९४ हजार फेरे घेते. पुढे जाण्याचा वेग झपाट्याने पडतो, फिरणं मात्र थोडंच घटतं. ४०० यार्डांवर ते १ लाख ८० हजारांच्या आसपास असतं. तुमच्या कमी भराच्या गोळीचं फिरणं फक्त १ लाख ४४ हजार. फुललेल्या पाकळ्या बाहेर खेचणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तो तुमच्या चाचणीत एक तृतीयांशाहून जास्त कमी पडतो. शिवाय नळीतून बाहेर पडल्यावर गोळी थोडी डुगडुगते आणि पुढे स्थिरावते. फार जवळून मारलं तर ती तिरकी शिरते आणि तिरपी फुलते. दोष गोळीचा नसतो. ४०० यार्डांवर कॅन मांडा आणि खरं काडतूस मारा.

डोंगरउतार
फिरण्याची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या एक टक्काही नसते. गोळीचं तोंड उघडतं ते समोरून येणाऱ्या दाबाने. तरी पाकळ्यांचा मुद्दा मान्य. फिरणं जुळवायचंच तर ८ इंचाला १ पीळ असलेली .३०८ची नळी शोधा : २००० वेगाला बरोबर १ लाख ८० हजार फेरे. ४०० यार्डांवर मात्र कॅनच्या मधोमध गोळी बसणं अवघड. कडेने शिरली की बाजू फाडून निघून जाते आणि हाती काहीच लागत नाही.

दारूकोठार
या वादात सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. हळू जळणारी पावडर मनाने कमी करणं अत्यंत धोक्याचं आहे. अर्ध्या रिकाम्या केसमधली (काडतुसाच्या पितळी कोशातली) दारू नीट पेटत नाही, चाप ओढल्यावर बार उशिरा उडतो, कधी दाब अचानक चढतो, कधी गोळी नळीतच अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटते. कमी भरासाठी हॉजडन कंपनीची एच-४८९५ ही पावडर घ्या. हॉजडनचा जाहीर नियम आहे की मॅन्युअलमधल्या कमाल भराच्या ६० टक्क्यांपर्यंतच उतरायचं. दुसऱ्या पावडरीला हा आकडा लावू नका. बार पोकळ वाजला तर थांबा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

आणखी एक. कमी भरात दारू केसमध्ये पुढे-मागे सरकते. ती प्रायमरकडे (केसच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीकडे) असेल तर वेग वाढतो, गोळीकडे असेल तर घटतो. दर बाराआधी नळी वर करून दारू मागे बसवा, मग हळूच आडवी करा. हे न केल्यास २०००चं म्हणून भरलेलं काडतूस प्रत्यक्षात बरंच खाली असू शकतं.

क्रोनो_वही
म्हणूनच फुलण्याच्या चाचणीतल्या प्रत्येक बाराचा वेग मोजलाच पाहिजे. आदल्या दिवशीची सरासरी चालणार नाही. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नळीपासून १० ते १५ फूट पुढे ठेवा, नाहीतर नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाच्या धक्क्याने चुकीचा आकडा येतो. नळीला बांधायचा चुंबकीय क्रोनोग्राफ वेग नीट देतो, पण त्याच्या वजनाने मारा सरकतो. कॅनवर नेम धरायचा असेल तर बाजूला ठेवायचा रडार सोयीचा.

पाच बारांवरून वेगाचं प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरतो तो आकडा) सांगणाऱ्यांना कळकळीने सांगतो : पाचांतून १० आलं, तर खरं मूल्य ६ ते २९ यांत कुठेही असू शकतं. वीस बार मारले तरी ८ ते १५.

जेल_चार_अंश
वाद पिळाचा नाही, माध्यमाचा आहे. पाणी गोळीच्या पोकळ तोंडात घुसून तिला मांसापेक्षा सहज उघडतं. म्हणून पाण्याची चाचणी एकाच बाजूने बोलते : पाण्यात फुलली नाही ती गोळी बाद, फुलली ती अजून पास नाही. पुढची चाचणी जिलेटिनमध्ये. वजनाने १० टक्के, ठोकळा ४ अंश सेल्सिअसला. आधी .१७७ इंच व्यासाची पोलादी गोळी ५९० फूट प्रतिसेकंदाने मारा, ती ७.५ ते ९.५ सेंटिमीटर शिरली तरच ठोकळा वापरा. बाजारातल्या पारदर्शक कृत्रिम जेलचे आकडे याच्याशी जुळत नाहीत, ते एका तक्त्यात मिसळू नका.

नळीचा_पीळ
हे पटलं. तरी कमी भरात सीमेवर नापास झालेली गोळी मी लगेच फेकणार नाही. एकाच लॉटच्या तीन गोळ्या १८००, १९०० आणि २०००ला मारा, व्यास काटकोनात दोनदा मोजा, उरलेलं वजन टक्क्यांत लिहा. १९००ला उघडली आणि १८००ला नाही, तर तेवढ्या एका वेगासाठी खऱ्या अंतरावर जा.

डोंगरउतार
आणि तोवर त्या गोळीने ३०० यार्डांपलीकडे जनावरावर बार टाकायचा नाही. .३०८मध्ये तिथे अजून २१००च्या वर वेग असतो.